तीन फण, बारा काळ

मी तिफण बोलते आहे. बैलांमागं चालणारी, बाभळीच्या लाकडाची, पेरणीची तिफण. तिफणीला इंग्रजी व्याकरणातलं काय कळतं, असं म्हणून पान उलटू नका. त्या विषयात माझ्याहून कमी गम्य असलेली पुष्कळ माणसं त्यावर पुस्तकं छापून बसली आहेत, आणि त्यांना कोणी अडवलेलं नाही. मग मलाच काऊन अडवता?

माझा जन्म वऱ्हाडातल्या उंद्री गावचा, शालिग्राम सुताराच्या अंगणातला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी त्यानं बाभळीचा ओंडका तासून मला घडवलं. खाली तीन फण, प्रत्येक फणामागं बांबूचा एक पोकळ नळा, आणि तिन्ही नळ्यांची तोंडं वर एका लाकडी वाटीत आणून बसवलेली. ह्या वाटीला चाडं म्हणतात. पुढून बैल ओढतात, मागून मालक रुमण्याच्या मुठीनं मला दाबून धरतो, आणि सोबत चालणारी बाई ओटीतला दाणा मुठीनं चाड्यात सोडत जाते. तो तीन वाटांनी जमिनीत उतरतो. एका फेऱ्यात तीन तास पडतात. तास म्हणजे पेरणीची ओळ.

माझे मालक उत्तमराव. शेती बरी, बैलांच्या दोन जोड्या, बोलणं कमी. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी शाळेची पायरी कधी चढली नाही, पण चाड्यावर त्यांची मूठ गावात पहिली. त्यांनी पेरलेल्या वावरात दाणा दाण्याला चिकटत नसे आणि दोन रोपांत बोटभर जास्त अंतर पडत नसे. त्यांची एकुलती एक लेक शैलजा. बाकी सगळ्या विषयांत पहिल्या झटक्यात पास झालेली ही मुलगी मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा आपटली होती. आधी बावीस गुण, मग सत्तावीस.

दुसरा निकाल लागला त्या दिवशी मी अंगणातच होते. पेरणी तोंडावर आलेली, माझ्या पाचरा ठोकणं चाललेलं.

"दुसरबीडचे पाहुणे इचारून राह्यले," उत्तमराव पाचर ठोकता ठोकता म्हणाले. "पोरगा चांगला आहे. आता ठेव पुस्तक."

"बाबा, मले मास्तरीण व्हायचं आहे. बुलढाण्याले ट्रेनिंग आहे, त्याले मॅट्रिक लागते. दिवाळीच्या आधी पुन्हा परीक्षा आहे."

उत्तमरावांनी आणखी दोन घाव घातले. मग म्हणाले, "नीळकंठराव मास्तरांनी म्हटलं का पोरगी पास होईल, तर फारम भरतो. त्यायनं नाही म्हटलं, तर दुसरबीड. मंग रडाचं नाही."

नीळकंठराव मूळचे उंद्रीचेच. पुण्याला तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते गावी परतले होते आणि घरी शिकवणी घेत. त्यांच्या भिंतीवर बारा चौकटींचा एक पुठ्ठ्याचा तक्ता होता: उभे तीन काळ, आडवे चार प्रकार, प्रत्येक चौकटीत एक वाक्य. तो तक्ता पाठ करायचा, ही शिकवणी. माणूस वाईट नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी शैलजा त्यांना म्हणाली, "सर, मी पाठ करून राह्यली," तेव्हा ते हसले. "करून राह्यली? आधी मराठी शुद्ध करा, मग इंग्रजीकडे वळू." सगळी शिकवणी हसली. त्या दिवसापासून ह्या मुलीनं शिकवणीत तोंडातून स्वतःचं एक वाक्य काढलं नाही. तक्त्यातली बारा तेवढी बोलायची.

मला संताप येतो तो इथं. पोराच्या तोंडातली भाषा आधी हिसकून घ्यायची, आणि मग त्याला दुसरी भाषा येत नाही म्हणून हळहळायचं. हा उद्योग करणारे अजून हयात आहेत, आणि सत्कारही घेतात.

असो. पेरणी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाईंच्या तळहातात काटा मोडला आणि चाडं शैलजाकडं आलं. तिनं माझ्या फणांची बारशी करून टाकली: डावा भूतकाळ, मधला वर्तमानकाळ, उजवा भविष्यकाळ. मला ते आवडलं. पण मग डोळे अर्धे मिटून तिनं तक्ता घोकायला सुरुवात केली. मूठ सुटत होती, ओठ हलत होते, आणि लक्ष नीळकंठरावांच्या भिंतीवर. ओली काळी माती माझ्या मधल्या नळ्याच्या तोंडाशी बसली आणि नळा तुंबला. चाड्यात त्या भोकाशी दाणे साचू लागले. तिनं पाहिलंच नाही. मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

पेरणीतली चूक त्या दिवशी दिसत नसते. ती उगवते. आठ दिवसांनी सगळे वावरात गेले तेव्हा ज्वारीच्या दोन ओळी आणि मध्ये एक कोरा पट्टा, पुन्हा दोन ओळी आणि पुन्हा कोरा पट्टा, असं अर्ध्या एकराचं नक्षीकाम तयार होतं.

शेजारचे दयाराम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले. "उत्तमराव, हे नवीन काहाडलं का? मधात पाहुण्यायले फिराले सडक ठेवली?"

उत्तमरावांनी वाकून कोऱ्या पट्ट्यातली माती उकरून पाहिली. मनकर्णाबाईंनी लेकीला विचारलं, "कोणता फण तुंबला होता वं?"

"मधला."

"त्याले तू काय म्हणे?"

"वर्तमानकाळ."

मनकर्णाबाई मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. "म्हंजे मांगचं उगवलं, पुढचं उगवलं, अन् आताचंच गेलं. त्या टायमाले तू काय करून राह्यली होती माय?"

"पाठ करून राह्यली होती."

"मंग बरोबर आहे. तू वावरात होतीच कुठं?"

खाडे, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, हातानंच भरावे लागतात. मला धुऱ्यावर उभं केलं आणि मायलेकी खुरपं घेऊन वाकल्या. त्या दुपारी मी जे ऐकलं, ते कुठल्याही पुस्तकात मला कोणी दाखवावं.

"पाठ केलेलं नको सांगू," मनकर्णाबाई म्हणाल्या. "डोयाले दिसते ते सांग. हे मांगचं तास?"

"भरून झालं."

"हे हाताखालचं?"

"भरून राह्यली."

"थे पुढचं?"

"भरीन."

"अन् कवापासून हे चालू आहे?"

"सकाळपासून भरूनच तर राह्यली." शैलजा कंबर धरून उभी राहिली, आणि तशीच थांबली. मागं पाहिलं, पायाखाली पाहिलं, पुढं पाहिलं. मग हळू आवाजात, एकेक बोट मोडत म्हणाली, "आय हॅव फिल्ड. आय अ‍ॅम फिलिंग. आय शॅल फिल. आय हॅव बीन फिलिंग सिन्स मॉर्निंग."

"हे काय म्हटलं?"

"तू इचारलं, तेच."

"मंग याच्यासाठी दोन साल लावले?"

आता तुम्हीच पाहा. काम हाताखाली चालू असेल तर आमचा वऱ्हाडी माणूस 'भरून राह्यलो' म्हणतो. 'राह्यलो'च्या जागी इंग्रज आपलं 'अ‍ॅम' किंवा 'इज' पुढं आणून ठेवतो आणि क्रियापदाला 'इंग' लावतो. काम उरकलेलं आणि त्याचं फळ समोर दिसत असेल तर आम्ही 'भरून झालं' म्हणतो. तिथं तो 'हॅव' आणतो आणि क्रियापदाचं तिसरं रूप घेतो. नेहमीचं असेल तर आम्ही 'भरतो' म्हणून मोकळे होतो, तोही होतो. आणि सकाळपासून संपतच नसेल तर आमच्यासारखाच तोही वैतागून लांबलचक बोलतो. कामाच्या ह्या चार तऱ्हा. त्या काल होत्या, आज आहेत, उद्या असतील. माझे फण तीन. चार फेरे मारले की बारा तास. सगळा तक्ता वावरात आडवा पडलेला होता. फक्त उभं कुठं राहायचं, हे त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस ती माझ्या सोबत चालली ती डोळे उघडे ठेवून. जे दिसेल त्याचं वाक्य करायची. बगळे, दयारामची छत्री, बैलाचं शेपूट, आईचं ओरडणं. चुकायची, पुन्हा करायची, स्वतःशीच हसायची. मनकर्णाबाईंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण लेक थांबली की त्या विचारायच्या, "हे झालं, का होऊन राह्यलं?" एवढ्या प्रश्नावर गाडी रुळावर यायची.

उत्तमरावांच्या घरचा एक रिवाज होता. पेरणीचे शेवटचे चार फेरे घरच्यांनीच मारायचे, मग मला धुऊन हळदकुंकू लावायचं आणि वावरातच पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. त्या जेवणाला त्यांनी नीळकंठरावांना बोलावलं. जेवण निमित्ताला होतं. शब्द हवा होता. शैलजा सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हती.

नीळकंठराव धोतर सावरत, छत्री टेकत आले. धुऱ्यावर बसून त्यांनी तक्त्यातली सात-आठ वाक्यं विचारली. शैलजानं सगळी बरोबर सांगितली.

त्यांनी मान हलवली. "पाठांतर आहे. मागच्या खेपेलाही होतं. परीक्षेत वाक्य नवं येतं, तिथं ही अडते. मी खोटं कशाला सांगू?"

"म्हंजे दुसरबीड," उत्तमराव हळूच म्हणाले. ह्या माणसाचा चेहरा मी इतका पडलेला कधी पाहिला नव्हता. तोवर मला वाटत होतं, ह्यांना पोरगी उजवायची घाई आहे.

मनकर्णाबाईंनी नैवेद्याची टोपली झाकून बाजूला ठेवली. "मास्तर, चार फेरे बाकी आहेत. तुमी पोरीसंगं चाला. नवं पाह्यजे ना तुमाले? वावरात रोज नवंच असते."

नीळकंठराव चालले. पहिल्या दोन फेऱ्यांत मागं, पुढं, आजूबाजूला बोट दाखवून त्यांनी विचारायचं आणि तिनं मूठ न थांबवता सांगायचं. तिसऱ्या फेऱ्यात तिची जीभ दोनदा अडखळली. तिनं वळून मागच्या तासाकडं पाहिलं आणि स्वतःच दुरुस्त केलं. मास्तरांनी पुढचं बोट दाखवलं. चौथ्या फेऱ्याला आम्ही धुऱ्यापासून वीसेक पावलांवर होतो, तेवढ्यात नीळकंठरावांची नजर पुढं गेली. दुसऱ्या जोडीतला एक बैल दावं सोडवून आला होता आणि त्याचं तोंड थेट टोपलीत होतं.

"अबे पाहा ना बे," नीळकंठराव छत्री उगारत ओरडले, "बैल पोया खाऊन राह्यला!"

पुण्याची तीस वर्षं एका क्षणात गळून पडली. उत्तमराव माझं रुमणं धरल्या जागी थिजले. मास्तरही थिजले, आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू आलं असावं.

शैलजाची मूठ चाड्यावर तशीच होती. ती खाली मान घालून, अगदी अदबीनं म्हणाली, "द बुलक इज ईटिंग द पुरणपोळी, सर."

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात बैलानं तोंड वर काढलं, टोपली पालथी झाली, आत काही नव्हतं.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"द बुलक हॅज ईटन द पुरणपोळी."

"आणि मी ओरडलो तेव्हा?"

"व्हेन यू शाउटेड, ही हॅड ऑलरेडी ईटन फोर." एवढं म्हणून तिला हसू आवरेना. मनकर्णाबाई आमच्यामागं चालत आलेल्या, त्या आधीच मातीत लोळत होत्या. आणि नीळकंठराव छत्रीच्या दांड्यावर कपाळ टेकून असे हसले, की त्यांचं धोतर सुटतं की काय अशी मला धास्ती वाटली.

डोळे पुसून ते म्हणाले, "उत्तमराव, फारम भरा."

"पास होईल?"

"होईल. हे वाक्य माझ्या तक्त्यात नव्हतं." मग ते शैलजाकडं वळले. "तुझ्या बोलण्यावर मी सगळ्यांदेखत हसलो होतो. ती चूक माझी." एवढंच. पण एवढं म्हणणारे मास्तर मी पुढं फार पाहिले नाहीत.

त्या दिवशी मला नैवेद्य भाकरी आणि ठेच्याचा मिळाला. माझी काही तक्रार नाही.

दिवाळीआधी परीक्षा झाली. इंग्रजीत एकोणपन्नास. दुसरबीडचे पाहुणे तोवर थांबले नाहीत, त्यांनी दुसरीकडं जमवलं. त्या लग्नाला उत्तमराव जाऊन पोटभर जेवून आले. शैलजा बुलढाण्याला शिकली आणि घाटाखाली रोहिणखेडच्या शाळेत मास्तरीण झाली.

मी आणखी पाच पेरण्या केल्या. सहावीला डावा फण खडकावर मोडला. शालिग्रामनं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यापेक्षा नवी सोपी." मला चुलीकडं न्यायचं ठरलं होतं, पण शैलजाचं पत्र आलं: तिफण माझ्या शाळेत पाठवा. उत्तमरावांनी मला स्वतः गाडीत घातलं आणि दोन दिवस बैल हाकत, राजूरचा घाट उतरून रोहिणखेडला आणलं. आता मी शाळेच्या पडवीत उभी असते. पोरं चाड्यात खडे टाकतात, कुठल्या नळ्यातून निघतो ते पाहतात आणि त्या काळातलं वाक्य ओरडतात. डाव्या नळ्याखाली फण नाही, पण खडा पडायला फण लागत नाही.

तुम्ही कोणी शिकवत असाल तर एक मागणं आहे. तक्ता भिंतीवर लावा, माझी ना नाही. पण पोराला आधी त्याच्या घरच्या बोलीत विचारा, बाबू, तू आता काय करून राह्यला? त्यानं उत्तर दिलं की हसू नका. तिथून पुढचं ते चालत येतं, मी पाहिलं आहे.

मला आणलं त्या दिवशीचं सांगते आणि थांबते. गाडी सोडून उत्तमराव वर्गाच्या दाराशी गेले. आत पन्नास पोरं, आणि फळ्यापाशी शैलजा, पाठमोरी. हा माणूस आयुष्यभर तिला 'शैले' म्हणून हाक मारत आलेला. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, डोक्यावरचं पागोटं नीट केलं, आणि घसा खाकरून विचारलं, "बाई, आत येऊ का?"

ती वळली. सगळा वर्ग उभा राहिला.

"या," ती म्हणाली, आणि उत्तमराव जाऊन मागच्या पोरांत, चटईवर मांडी घालून बसले.