माझ्या तोंडून निघालेला खोटा वाढदिवस

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो, आणि मला शिसारी आली आहे. धुळीची नाही. माझ्या पोटात एक झुरळ सहकुटुंब राहतं, त्याचीही नाही. ते बिचारं वेळेवर झोपतं. किळस येते ती माझ्याच तोंडून निघालेल्या एका कागदाची.

पण आधी जन्माची गोष्ट. मी कारखान्यात जन्मलो तेव्हा मला चाळीस हजार भावंडं होती, सगळी त्याच दिवशीची. इतकी नावं कोण ठेवणार? म्हणून आमच्या पाठीवर आकडे चिकटवले. तरुणपणी मी एका शाळेच्या कचेरीत होतो. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी वीज गेली, तरी निव्वळ अब्रूखातर मी आणखी तीन प्रश्नपत्रिका छापल्या. खोटं वाटत असेल तर या झुरळाच्या आजोबांना विचारा. ते तेव्हा आत होते. मुख्याध्यापक माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "हा आहे म्हणून शाळा चालते." मग नवा, झगमगीत प्रिंटर आला. मला कपाटामागे ढकललं. दोन वर्षांनी कारकुनाला दया आली आणि त्याने मला आपल्या बहिणीला देऊन टाकलं.

ही बहीण म्हणजे या घरची सून. ती प्लॅस्टिकचे डबे विकते. दुकानात नाही, घरातच. ओळखीच्या बायकांना बोलवायचं, चहा पाजायचा, डबे मांडायचे. काम चांगलं आहे. झाकणंही घट्ट बसतात. पण बोलावलेल्या बायका येईनात. तेव्हा कंपनीच्या मोठ्या बाई शिकवायला आल्या. माझ्याच डोक्यावर पर्स ठेवून म्हणाल्या, "आमंत्रणात विक्रीचं नावही काढायचं नाही. काहीतरी गोड कारण द्या. एकदा घरात आल्या की रिकाम्या हाताने कोण जातंय?"

त्या क्षणी माझी शाई आंबली.

सुनेने गोड कारण शोधलं. 'आमच्या आईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. प्रेमाने या.' आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांचं वय एकाहत्तर, आणि वाढदिवसाला अजून पाच महिने होते. मी पहिला कागद चावून टाकला. दुसरा गिळला. तिने माझ्या टाळक्यात दोन चापट्या मारल्या, रुमालाला थुंकी लावून माझं तोंड पुसलं. थुंकी, मित्रांनो! शेवटी गुलाबी फुलांच्या चौकटीत मी ते खोटं ओकलो. बारा वेळा. वर तिने त्यावर अत्तर शिंपडलं. आधीच घाण, त्यात सुवासिक. सासूबाईंना एवढंच सांगितलं, "आई, चार बायका येणार आहेत, जरा ठेवणीतले कपडे घाला."

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. सासूबाईंची त्यांच्याशी चाळीस वर्षांची मैत्री. रोज चार वाजता दोघी एका किटलीतला चहा पितात आणि एकमेकींची उणीदुणी काढतात. शिंपीणबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. एक आमंत्रण त्यांनाही गेलं. रोजच्या चहाला अवाक्षर न काढता, आठ दिवस डोळे फोडून त्यांनी पंच्याहत्तर तुकड्यांची गोधडी शिवली. प्रत्येक तुकडा मैत्रिणीसाठी शिवलेल्या कुठल्या ना कुठल्या कपड्यातून उरलेला.

"काय गं लबाडे!" ठरल्या दिवशी त्या दारातूनच ओरडल्या. "चाळीस वर्षं 'तू मोठी, तू समजून घे' म्हणालीस, आणि निघालीस माझ्याहून थोरली!"

"डोकं फिरलंय का तुझं? मला एकाहत्तर!" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सुनेने टेबलावरची चादर ओढली. खाली केक नव्हता. डबे होते.

बायकांनी आणलेली फुलं गुपचूप पिशव्यांत परत गेली. शिंपीणबाईंनी गोधडीची घडी घातली. "डबे खपवायला तुला मीच सापडले?" त्या मैत्रिणीला म्हणाल्या. "एकाहत्तर ना? मग यातले चार तुकडे जास्त झाले. उसवून टाकते." आणि गेल्या. एक झाकणसुद्धा खपलं नाही.

त्यानंतर चार वाजता किटली यायची, दोन कप यायचे, आणि एक कोरडाच परत जायचा. सासूबाई दोनदा वर जाऊन आल्या. आत शिलाई यंत्र खडखडत होतं, दार मात्र उघडलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी सुनेला माझ्यासमोर उभं केलं.

"माझं वय तू छापून वाढवलंस. आता छापूनच कमी कर."

"आई, मी मावशींची माफी मागते ना. छापायचं कशाला? लोक हसतील. मग डबे कोण घेईल?"

"हसू देत. मी नऊ दिवस एकटीने चहा पितेय."

सुनेने खुर्ची ओढली. मग तिने लिहिलं, 'शनिवारी चार वाजता या. मी प्लॅस्टिकचे डबे विकते, ते मांडणार आहे. पटले तर घ्या, नाहीतर नुसता चहा प्या. आईंचं वय एकाहत्तर आहे. खोटं मी छापलं होतं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.' ना फूल, ना अत्तर. माझ्यात शाईचा थेंब उरला नव्हता, तरी झुरळाच्या मिशा पिळून मी बाराच्या बारा कागद छापले. एकही चावला नाही.

शनिवारी पाचजणी आल्या. पण त्या डबे बघायलाच आल्या होत्या, म्हणून झाकणं उघडून, लावून, नीट बघत बसल्या. सव्वाचार झाले. दुसरा कप कोरडाच. आणि मग काखेत गोधडी मारून शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या.

"मला डबा नको," त्या म्हणाल्या. "चहा निवला का?"

"निवला. उशिरा येणाऱ्यांना तसाच मिळतो," सासूबाई म्हणाल्या. आणि त्यांनी दुसरा कप काठोकाठ भरला.

गोधडी आता बरोबर एकाहत्तर तुकड्यांची आहे. उसवलेल्या चार तुकड्यांचं काय झालं? शिंपीणबाईंनी टेपने माझं माप घेतलं. "हे यंत्र काहीबाही बरळतं, याचं तोंड बांधलेलं बरं," असं म्हणून त्या चार तुकड्यांचं कव्हर शिवून मला घातलं. बघा न्याय! खोटं बोललं कोण, आणि तोंड बांधलं कुणाचं!

तेव्हा मित्रांनो, आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, थुंकीने नको. आणि कुणाला घरी बोलवायचं असेल तर कशासाठी ते सरळ छापा. तुम्ही कागद वाटून मोकळे होता. चव आमच्या तोंडात राहते. माझ्या तोंडात ती अजून आहे. फक्त रोज चार वाजता कव्हराखालून मला दोन कपांचा आवाज येतो, तेवढ्यापुरती मळमळ थांबते.