घट्ट वेण्यांचे दिवस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. माझे दात जाड आणि विरळ आहेत, कडेचा एक तर तुटलेलाच आहे. पण एका मुलीच्या डोक्यावर माझ्यादेखत जे घडले, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही. खरे सांगतो, ते घडत होते तेव्हा मला काही कळत नव्हते. आजही पुरते कळले आहे असे नाही. तुम्हाला कळते का बघा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कपाट करून उरलेल्या फळीचा मी तुकडा. सुताराने बारीक करवतीने माझे दात पाडले, पॉलिश पेपरने घासघासून गुळगुळीत केले आणि मला आपल्याच दाढीवरून फिरवून पाहिले. "टोचत नाही," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

एका आईने मला आपल्या मुलीसाठी विकत घेतले. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. आई मात्र तिला गुडघ्यांत पकडून बसवी. आधी केसांची टोके, मग मधला भाग, मग मुळाकडे, अशी ती मला हळूहळू वर नेई. गुंता निघे आणि मुलगी कुरकुरसुद्धा करत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आईला दूरच्या शहरातल्या दवाखान्यात नोकरी लागली. ती अधूनमधून घरी येऊ लागली आणि मी बाबांच्या हाती आलो.

बाबा गोदामात ट्रकवर माल बांधायचे काम करत. त्यांचे हात म्हणजे दोरखंडच. पहिल्या दिवशी त्यांनी घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकली नाही. बाबांना ते फार लागले. गड्याने चंगच बांधला. पंधरवड्यात त्यांच्या वेण्या अशा होऊ लागल्या की मुलगी दिवसभर हुंदडून आली तरी एक केस हलत नसे.

"माझी गाठ रस्त्यात सुटली असं कधी झालं नाही," ते म्हणत. "दुखत नाही ना गं?"

"नाही," भिंगरी म्हणे.

रोज सकाळी हेच. वेणी घालता घालता बाबा आदल्या दिवशीच्या गमती सांगत: कुठल्या ट्रकमध्ये पंखे होते, कुठल्यात खेळण्यातले घोडे होते, कुठला ड्रायव्हर झोपेत गाणे म्हणतो. भिंगरी हसे. हसताना तिच्या भुवया वरच राहत. मला वाटे, तिला नवल वाटत असेल.

काही महिन्यांनी माझ्या दातांत केस जास्त येऊ लागले. आधी दोन-चार, मग पुंजकेच. कानशिलांवरचे केस विरळ झाले, भांग रुंद दिसू लागला. शाळेत कुणीतरी तिला "टकलू आजोबा" म्हटले. त्या दिवशी ती घरी आली आणि टोपी घालूनच जेवली.

मी गोंधळून गेलो. मी पूर्वीसारखाच फिरत होतो. मग केस का गळत होते? तुटलेल्या दाताची कड टोचत असेल का? की जुन्या लाकडाला काही झाले होते?

शेजारच्या काकू आल्या. "पाणी बदललं असेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तेल कमी पडतंय." बाबांनी डोक्यावर तेल थापायला सुरुवात केली. रोज थापायचे आणि चापून वेणी घालायची. टाळूवर तेलाचा आणि धुळीचा थर बसला, कोंडा झाला, खाज सुटली. भिंगरी वर्गात पेन्सिलीने डोके खाजवू लागली. काकू म्हणाल्या, "लिंबू चोळा." लिंबू चोळल्यावर टाळूची इतकी आग झाली की ती बिचारी नळाखाली डोके धरून रडली. शेवटी काकूंची नजर माझ्यावर पडली.

"हा जुनाट कंगवाच सगळ्याचं मूळ आहे. फेका आधी!"

बाबांनी मला फेकले नाही, पण खणात टाकले. माझ्या जागी निळा प्लॅस्टिकचा कंगवा आला. खणातल्या अंधारात मी वाट पाहत होतो: आता तिचे केस वाढतील, म्हणजे दोष माझाच ठरेल. ते वाढावेत असेही वाटे आणि वाढू नयेत असेही वाटे. काय मागावे तेच कळत नव्हते.

केस गळतच राहिले. मग बाबांनी कामाला सुट्टी टाकली, दोन्ही कंगवे, तेलाची बाटली आणि शाम्पू पिशवीत भरले आणि मुलीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर एक वयस्क बाई होत्या. बाबांनी टेबलावर आम्हाला चोरीचा माल मांडावा तसे मांडले.

"यातल्या कुणामुळे झालं, तेवढं सांगा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. दिव्याचे भिंग घेऊन त्यांनी भिंगरीची कानशिले निरखली. मग विचारले, "वेणी कोण घालतं?"

"मी!" बाबा अभिमानाने म्हणाले. "दिवसभर हलत नाही."

"बाळा, कपाळाला आठ्या घालून दाखव बरं."

भिंगरीने प्रयत्न केला. आठ्या पडेनात. कपाळाची कातडी मागे ताणून बसली होती.

"दुखतं का?"

भिंगरीने बाबांकडे पाहिले. "नाही."

डॉक्टरांनी रबरे काढली आणि दोन्ही वेण्या सोडल्या. भिंगरीने डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला. मग ती रडायलाच लागली.

"अगं, मग रोज 'नाही' का म्हणायचीस?" बाबांनी विचारले.

"वेणी घालतानाच तर तुम्ही गमती सांगता," ती म्हणाली. "दुखतं म्हटलं असतं तर तुम्ही काकूंना घालायला सांगितलं असतं."

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. इतके दिवस मी दोषी शोधत होतो, आणि आता समोर दिसत होती ती दोन माणसे, एकमेकांवर जीव टाकणारी. रागवायचे तरी कुणावर?

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. "मुळं शाबूत आहेत. काही महिने घट्ट काही बांधू नका. ओले केस तर मुळीच नाही. तेल थापणं बंद, लिंबू बंद. कोंड्यासाठी औषधी शाम्पू देते, तो आठवड्यातून दोनदा लावा." मग त्यांनी मला उचलून बाबांच्या हातात दिले. "हा चांगला आहे, जाड दातांचा. हाच वापरा."

माझी सुटका झाली खरी, पण आनंद काही झाला नाही. कारण घरी आल्यावर बाबांनी मला पुन्हा खणात ठेवले आणि ते मला हातच लावेनात. भिंगरी मोकळ्या केसांनी शाळेत जाई. सकाळी घरात नुसता भांड्यांचा आवाज. गमती नाहीत, घोडे नाहीत, झोपेत गाणारा ड्रायव्हर नाही.

एका सकाळी भिंगरीने मला खणातून काढले आणि बाबांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"नको," बाबा म्हणाले. "माझ्या हाताला सैल जमत नाही."

"शिका की मग. आधीही शिकलातच ना?"

बाबांनी मला धरले. टोकांपासून सुरुवात करून ते हळूच वर आले. तीन पेड एकमेकांवर नुसते टेकवल्यासारखे ठेवले.

"दुखतंय?"

"नाही."

बाबा थांबले. "खरं सांग."

भिंगरीने कानामागे बोट ठेवले. "इथे. थोडंसं."

बाबांनी सगळी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. "काल काय झालं माहितीये? एका ट्रकमध्ये नुसते आरसेच होते…"

आता कानशिलांवर मऊ, आखूड केस उगवले आहेत. त्यांच्यावरून जाताना मी श्वास रोखतो.

मित्रांनो, दुखत असताना "नाही" का म्हणतात, हे मला, लाकडाच्या तुकड्याला, कळणे कठीण आहे. पण एवढी विनंती आहे: तुमच्या केसांना, टाळूला काही होत असेल तर टोपीखाली लपवू नका. आणि कुणी मायेने विचारले, "दुखतंय का?" तर बोट ठेवून सांगा, "इथे." आणि हो, बाबांची ती पहिली सैल वेणी दुपारीच सुटली. भिंगरी केस मोकळे सोडून घरी आली, आणि दारातूनच ओरडली, "बाबा, उद्या पुन्हा!"