मापांच्या वहीतलं शेवटचं पान

"मॅडम, मी बुटकी राहिले ती आईमुळे की बाबांमुळे?"

अख्खा वर्ग खिदळला. हा प्रश्न विचारायची पैज लांबडी आणि चष्मिस यांनी लावली होती. गेल्या वर्षी मी लाजून बाकाखाली शिरले असते. आता मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. मान ताठ करून उभी राहिले.

जीवशास्त्राच्या मॅडम हसल्या नाहीत. "दोघांमुळे. पण पोटात असताना आईचा वाटा जरा जास्त. ती आपले गुण तर देतेच, वर राहायला जागा आणि खायलाही तीच देते. बारीक चणीच्या आईचं बाळ पुष्कळदा लहानखुरंच असतं."

"मग लहान असलं तर काळजी नाही ना?" हे पैजेत नव्हतं. हे माझं होतं. आईला आठवा महिना लागलाय.

"लहान असलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. लहान बाळही आपल्या चालीने वाढतच असतं. पण वाढायचंच थांबलं, तर आईवर गेलंय म्हणून सोडून द्यायचं नाही. लगेच तपासायचं."

मी खाली बसले. लांबडीने पैजेचं चॉकलेट सरकवलं. ते मी तसंच दप्तरात टाकलं.

आई कपडे शिवते. बाळ वाढतंय ना ते कळायला पोटाचं खालून वर सेंटिमीटरमध्ये माप कसं घ्यायचं ते डॉक्टरबाईंनी तिला दाखवलं, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "तुम्हाला काय, हातचा मळ!" तेव्हापासून दर रविवारी ती स्वतःची टेप लावते आणि जेवताना आकडा जाहीर करते. परवाच म्हणाली, "एकतीस!" बाबा खूश. "माझा पैलवान!" पण आरशात मला तिचा अंगठा दिसला होता. अठ्ठावीसवर. वाटलं, आरशात उलटं दिसलं असेल. त्यात गेली तपासणी तिने चुकवलेली. का, तर गणवेशांची घाई.

शाळेतून आले ती थेट शिलाई मशीनजवळ गेले आणि मापांची वही उघडली. आई तोंडाने काहीही सांगेल, वहीत खोटं लिहिणार नाही. वहीत चुकलं की कापड वाया जातं, हे तिने मलाच शंभरदा ऐकवलंय. गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरा उलटत शेवटच्या पानावर आले. वर लिहिलं होतं, 'बाळ'. खाली: सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस.

"आई, हे काय?"

मशीन थांबलं. "ठेव ती वही."

"तीन आठवडे अठ्ठावीस?"

"आमच्या घराण्यात सगळे बारीकच. मी बारीक, तू बारीक. तू तर चपलांच्या खोक्यात मावली असतीस."

"पण मी वाढत होते ना? थांबले नव्हते ना?"

ती दोरा दाताने तोडायला लागली. तुटेना.

"मागच्या बाळाच्या वेळीही डॉक्टर हेच म्हणाले," ती शेवटी बोलली. "वाढत नाहीये, लगेच बाहेर काढू. मी दवाखान्यात गेले आणि एकटी परत आले. तू सात वर्षांची होतीस, तुला काय आठवणार! आत आहे तोवर माझं आहे गं."

मला आठवतं. रिकामं झबलं आठवतं. तिनेच शिवलेलं.

"हलतंय तरी का?"

"काल जोरात लाथ मारली. आज सकाळी..." तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि वाट बघितली. मीही बघितली. हाताखाली काहीच हललं नाही.

तेवढ्यात बाबा आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात, हात ग्रीसने काळे. "काय म्हणतोय पैलवान?"

मी वही त्यांच्या समोर धरली. त्यांनी आकडे वाचले, मग आईकडे पाहिलं. हातातली हत्यारांची पिशवी तशीच खाली पडली, पाने-पक्कड घरभर पसरली.

"अगं, तू एकतीस म्हणालीस..."

आई पदराने तोंड दाबून रडायला लागली. "मी नाही जाणार. मला नका नेऊ."

मॅडमसमोर उभं राहणं यापुढे काहीच नव्हतं. पण आवाज फुटला, आणि चांगला मोठा फुटला.

"बाबा, हात धुऊ नका, रिक्षा थांबवा. आपण आत्ता दवाखान्यात जातोय. हे आकडे डॉक्टरबाईंना मी वाचून दाखवणार. आई, मला आत सोडलं नाही तर मी दारात बसून राहीन. काहीही झालं तरी या वेळी तू एकटी परत येणार नाहीस."