चहाचा डाग

मित्रांनो, माझ्या उजव्या कडेला बटणांमधून ओघळलेला तपकिरी डाग पाहून तुम्हाला तो गंज वाटला असेल. तो गंज नाही. त्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी चिंचवडच्या एका खासगी दवाखान्यातलं सोनोग्राफीचं जुनं यंत्र. जन्म परदेशातला. १९८२ साली दसऱ्याच्या तोंडावर मी इथे आलो. आल्या आल्या पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. मी सुखावलो. माळ घालणारी माणसं सांगितलेलं ऐकत मात्र नाहीत, हे पुढे कळलं.

माझं काम साधं. कानाला ऐकू न येणारा आवाज मी पोटात सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत आला की पडद्यावर चित्र काढतो. यकृत, मूत्रपिंड बिचारी कधीही दिसतात. पित्ताची पिशवी मोठी मानी. उपाशीपोटी टम्म फुगते, छान दिसते. दुधाचा चहा पोटात गेला की आकसून बसते. म्हणून दारावर पाटी होती, 'रात्रीपासून काही खाऊ-पिऊ नये.' माझा हिशेब विचाराल तर दहांतले सात जण चहा पिऊन यायचे आणि उरलेले तिघे पिऊन 'नाही' म्हणायचे.

त्या सातांतला पहिला नंबर कोंडाजीचा. भोसरीच्या एका वर्कशॉपमधला कामगार. बरगडीखाली कळ आली की भुईवर लोळायचा. सुपरवायझर म्हणायचा, सोंग आहे, शिफ्ट चुकवतोय.

"काही खाल्लंत?" डॉक्टर मृदुलाबाईंनी विचारलं.

"काय बी न्हाई. निस्ता कपभर च्या."

"दुधाचा?"

"मग? कोरा प्यायला घरात कुनी मेलंय व्हय?" हे उत्तर त्याच्या बायकोचं, अंबुबाईचं. चहा तिनेच दिला होता.

पिशवी आकसलेली. मला काही दिसेना. दुसऱ्या खेपेला तो रातपाळी करून परस्पर आला. गेटवर दोस्तांनी आग्रह केला होता. "च्याला न्हाई म्हटलं तर मानसं काय म्हनतील, बाई?" मी मनात म्हटलं, मी काय म्हणतो ते विचार की रे कधी!

मग कंपनीने बजावलं. शुक्रवारपर्यंत आजाराचा कागद आणला नाही, तर नाव कमी.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून नवरा-बायको सकाळीच आले. आज कोंडाजी खरोखर उपाशी होता, अंबुबाईने पहारा दिला होता. पण गुरुवारीच आमच्याकडची वीज जायची! दुपार झाली. कोंडाजी सुकून गेला. सिस्टर शुभदाला दया आली आणि तिने, पाटीखालूनच, त्याच्यासाठी कपभर चहा आणला. पाटी रंगवून घेणारी तीच.

कोंडाजीचा हात पुढे झाला. दिलेल्या चहाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. अंबुबाईने कप हिसकला. "नोकरी पिऊन टाकता का काय?" आणि कप ठेवायला जागा दिसेना, म्हणून ठेवला माझ्या डोक्यावर.

तेवढ्यात वीज आली. बाईंनी कोंडाजीला झोपवलं. पिशवी फुगलेली, काळीशार. आत बोराएवढा पांढरा खडा आणि त्याच्यामागे लांब सावली.

"हा बघा तुमचा खडा. ऑपरेशन करावं लागेल."

कोंडाजी पडद्याकडे बघतच राहिला. "म्हंजी खरंच हाय?" हळूच म्हणाला, "लोक म्हनून म्हनून मलाबी सोंगच वाटाया लागलं हुतं."

"कुटं? मला बी दावा!" अंबुबाई झेपावली. पदर कपाला लागला.

कोंडाजीला कागद मिळाला, नोकरी राहिली. मी तीन आठवडे बंद. मुंबईहून आलेल्या मेकॅनिकने मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

मित्रांनो, उपाशी या म्हटलं की उपाशी या. कुणी पोट दुखतंय म्हणालं तर माझ्या पडद्याची वाट बघू नका, आधी त्याचं ऐका. आणि माझ्या डोक्यावर कप ठेवू नका. त्या दिवशी दवाखान्यात उपाशी राहायला हवं होतं ते आम्हा दोघांनी. कोंडाजी राहिला. चहा गेला तो माझ्या पोटात.