मोडायची गाडी

गेल्या दोन वर्षांत माझ्या नवऱ्याने नाकारलेल्या गाड्या ओळीने उभ्या केल्या, तर आमच्या गल्लीपासून बार्न्सलीच्या बाजारापर्यंत पोचतील. एक फार बुटकी, एक फार रुंद. एकीचं कवच पातळ. एकीचा कारखानदार फार गोड बोलतो म्हणून नको. एका हिरव्या गाडीला तर त्याने नुसतं तिचं तोंड आवडलं नाही म्हणून नापास केलं. तीस वर्षं माझं तोंड बघून जगलेला माणूस हा.

नेव्हिल त्याचं नाव. खाणीतल्या यंत्रांचा फिटर होता. खाण बंद पडल्यावर बसच्या डेपोत लागला आणि आता घरी आहे. आयुष्यात एक तरी गाडी स्वतःच्या हाताने बांधायची, हे त्याचं जुनं वेड. त्यात नवल काही नाही, आमच्याकडे दर चौथ्या गॅरेजात कुणीतरी हेच करत असतो. कारखान्यातून नळ्यांचा सांगाडा आणि वरचं कवच, म्हणजे किट, आणायचं, आणि इंजिन, चाकं, ब्रेक, स्टिअरिंग एखाद्या जुन्या गाडीतून उपसायचं. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. ज्या किटला सगळं सामान एकाच डोनरमधून मिळतं ते सगळ्यांत स्वस्त, आणि पहिल्यांदा बांधणाऱ्याने तेच घ्यावं, हे आता मलासुद्धा झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

मे महिन्यात आम्ही पुन्हा एका प्रदर्शनाला गेलो. मैदानभर गाड्या, ओलं गवत, आणि आम्ही दोघं घडीच्या खुर्च्यांवर थर्मास घेऊन बसलेलो. नेव्हिलने सकाळपासून तीन गाड्या बाद केल्या होत्या. गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबातला गॉर्डन येऊन उभा राहिला.

"काय रे नेव्हिल, यंदा तरी घेतोयस का? की तुझ्या मयतालाच एखादी भाड्याने आणू?"

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. माझ्याकडे बघितलं, मग गवताकडे. "माफ करा हं, नोरीन. सवयीने बोलून गेलो."

"असू दे, गॉर्डन. सँडविच घे," मी म्हटलं.

मयत शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. आमची मुलगी कर्स्टी जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

खरं तर गाडी निवडायला सुरुवात नेव्हिल आणि कर्स्टीने मिळून केली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर बापलेक माहितीपत्रकं पसरून बसायचे, आणि मला बटाटे सोलायला जागा उरायची नाही. शेवटी त्यांनी ऑल्ड्रॉइड नावाच्या माणसाची एक छोटी उघडी गाडी पसंत केली. त्यांच्या आवाक्यातली तेवढी एकच होती. डोनर म्हणून कर्स्टीने टाइल्सच्या दुकानात काम करून साठवलेल्या पैशांतून एक जुनी निळी दोन सीटची गाडी आणली. आणली ती मोडायलाच. पण दारात उभी राहिल्यावर तिचा जीव जडला.

"बाबा, एक उन्हाळा फिरवू दे हिला," ती म्हणाली. "मोडायच्या आधी बिचारीने जरा जग बघू दे."

नेव्हिल हसला. "डोनरला नाव ठेवू नये बरं का. मग मोडताना पाना चालत नाही."

तिने नाव ठेवलं नाही, पण उन्हाळाभर छत उघडं टाकून हिंडली. सप्टेंबरात एका सकाळी दुकानात डोकं दुखतंय म्हणाली आणि काउंटरमागेच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा तिचा हात ऊबदार होता, आणि सगळं संपलं होतं. सव्वीस वर्षांची होती. याहून जास्त मला सांगता येत नाही.

निळी गाडी गॅरेजात राहिली. बॅटरी मरू नये म्हणून दर रविवारी मी ती चालू करायची. सीटवर मात्र कधी बसले नाही. कर्स्टी बुटकी, म्हणून तिने सीट पार पुढे, स्टिअरिंगला चिकटवून ठेवलेली. ती तशीच होती. मी बाहेर उभी राहून, वाकून, किल्ली फिरवायची. दहा मिनिटं तिचं गुरगुरणं ऐकायचं, बंद करायची आणि आत जाऊन मटण ओव्हनमध्ये ठेवायचं. गेली दोन वर्षं माझा रविवार म्हणजे एवढंच.

त्या प्रदर्शनातून परत येताना माझा संयम सुटला.

"ऑल्ड्रॉइडची का बघत नाहीस तू? इतक्या वेळा त्याच्या तंबूवरून गेलो, तू मान वळवून जातोस."

"ती नको."

"परवडत नाही का?"

"परवडते तेवढी तीच."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

त्याने गिअर बदलला. "तिला डोनर लागतो, नोरीन."

"मग आण की एखादा. निळ्या, लाल, पन्नास पडल्यात बाजारात."

"डोनर आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "तो घरात असताना दुसरा आणून मोडू? ते मला जमणार नाही. आणि आहे तो मोडू दे, असं तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

दोन वर्षं मी या माणसाला चिकित्सक म्हटलं, चिक्कू म्हटलं, क्लबातल्या बायकांसमोर त्याची टिंगल केली. आणि तो बापडा प्रत्येक गाडीत खोट काढत होता, का, तर मला एक प्रश्न विचारावा लागू नये म्हणून.

"तिला हात लावायचा नाही," तरीही मी म्हटलं.

"लावला का मी?" तो म्हणाला. "तू रविवारी ती चालू करतेस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकतो. मोडली तर रविवारी तू काय करशील, हेच मला कळत नाही."

त्यानंतर दोन-तीन रविवार सरळ गेले. मग एका रविवारी किल्ली फिरवली आणि नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. आवाज आला नाही म्हणून नेव्हिल स्वयंपाकघरातून पळत आला, हातात कप तसाच. त्याने बॅटरी बदलून पाहिली, तरी तेच. मग तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि बराच वेळ आतच राहिला.

"स्टार्टर गेलाय," तो खालूनच म्हणाला. "तो बदलता येईल. पण ब्रेक गंजून धरलेत. खालचा पत्रा गंजाने आतून खाल्लाय, बोट जातंय. उभ्या गाडीला मरायला दुसरं काही लागत नाही बघ."

"आणि इंजिन?"

"इंजिनाला काही झालेलं नाही. अजून तरी."

मी तिथेच पायरीवर बसले. जिवापाड जपतेय असं मला वाटत होतं, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत कुजत होती. रडू आलं ते थांबेना. नेव्हिल गाडीखालून बाहेर आला नाही, आणि ते बरंच झालं. तोही रडत असणार.

डोळे पुसून मी विचारलं, "तिने ही मोडायलाच आणली होती ना?"

"हो."

"मग ऑल्ड्रॉइडला फोन कर."

ऑल्ड्रॉइडचा कारखाना म्हणजे एका शेतामागची पत्र्याची शेड. बाहेर मेंढ्या, आत वेल्डिंगचा वास. माणूस आडवातिडवा आणि बोलका. त्याने चहा दिला, सांगाडा दाखवला, नेव्हिलने नळ्यांवरून हात फिरवला. पहिल्यांदाच त्याने एकही खोट काढली नाही.

"डोनरची दारं, छत, बॉनेट आपल्याला लागत नाहीत," ऑल्ड्रॉइड म्हणाला. "विकून टाका. क्लबातली मंडळी दारात येऊन घेऊन जातात. बराच खर्च सुटतो."

"दारं विकायची नाहीत," नेव्हिल म्हणाला.

"ठेवून करणार काय त्यांचं?"

"ते माझं मी बघेन."

ऑल्ड्रॉइडने खांदे उडवले. "बरं. सीट सरकणारी हवी का पक्की? सरकणारीचे वेगळे पडतील."

"पक्की. आवाक्यात बसायला पाहिजे."

"मग पेडल मी चालवणाऱ्याच्या पायाला धरून बसवतो. एकदा वेल्ड मारलं की मारलं, मागाहून मला शिव्या घालायच्या नाहीत. पायाचं माप सांगा, आतल्या बाजूचं."

"सत्तावीस इंच," नेव्हिल म्हणाला.

क्षणाचाही विचार न करता. ऑल्ड्रॉइडने त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. माझा नवरा सहा फूट उंच आहे. शेडच्या दारातून येताना वाकला होता.

"काय राव! सत्तावीसात बसलात तर गुडघे कानाला लागतील तुमचे."

आपण काय बोललो ते नेव्हिलला तेव्हा कळलं. मला ती संध्याकाळ आठवली. कर्स्टी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी, हा गुडघ्यावर बसून माझ्या शिवणाच्या टेपने तिचे पाय मोजतोय, आणि ती माझ्यावर ओरडतेय, "आई, सगळं सोडून तुझे आखूड पायच दिलेस मला!" गाडी बांधणार तो होता, पण चालवणार ती होती. त्याच्या डोक्यात अजूनही तीच चालवणार होती. आता दुसरा आकडा त्याला सांगायचा होता आणि तो त्याच्या तोंडून निघत नव्हता.

"सत्तावीसच," मी म्हटलं. "गाडी मी चालवणार आहे."

नेव्हिलने चमकून माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

"मग असं सांगा ना!" ऑल्ड्रॉइड म्हणाला. "या बाई, बसून दाखवा. खात्री केलेली बरी."

कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेला बसायचा नमुना होता, पुढे नुसती तीन पेडलं. ऑल्ड्रॉइडने ती सत्तावीसच्या खुणेवर सरकवली. मी बूट काढले, कठड्यावरून पाय टाकला आणि बसले. दोन वर्षं कर्स्टीची जी जागा मी टाळली, तीच ही. पाय लांब केले. दोन्ही पाय पेडलांवर बरोबर टेकले. ओढावं लागलं नाही, आखडावं लागलं नाही.

"फक्कड," ऑल्ड्रॉइड म्हणाला आणि खडूने नळीवर खूण केली.

नेव्हिल दाराशी जाऊन मेंढ्यांकडे बघत उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. मला त्याच्याकडे जायला हवं होतं, पण माझे पाय तिथून निघेनात. माझ्या मुलीचे पाय इथवर आले असते, एवढंच मला कळत होतं.

"झालं बाई माप," ऑल्ड्रॉइड म्हणाला. "उठलात तरी चालेल."

"थोडं थांबा," मी म्हटलं.