काळ्या मेणावरचा बेडूक

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाचे कप मिरवणारा नव्हे हं! मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला, पत्र्याचा, तळाशी बोटभर काळे मेण ओतलेला. माझ्यावर बेशुद्ध बेडूक उताणा ठेवायचा, टाचण्यांनी त्याचे पाय मेणात रोवायचे आणि पोट उघडून आतले अवयव पाहायचे, यासाठीच मला घडवले.

वर्ष संपेपर्यंत माझ्या मेणाची चाळण व्हायची. मग प्रयोगशाळेतले काका मला मंद आचेवर ठेवून भोके बुजवत. बेडूकही तेच पकडून आणत. मुलांना मात्र बेडकांची नावे ठेवू देत नसत. म्हणायचे, "नाव ठेवलं की हात चालत नाही."

टाचणी घट्ट धरतो म्हणून बाई माझे कौतुक करत. चिमुकले हृदय धडधडताना दिसले की दंगेखोर मुलेही चिडीचूप होत. मला माझ्या कामाचा अभिमान होता.

एके वर्षी मी एका इवल्याशा मुलीच्या वाट्याला आलो. सगळे तिला मुंगी म्हणत. तिने चारही टाचण्या टोचल्या, कात्री उचलली आणि ती थबकली.

"बाई, हा जागा आहे!"

"तसं वाटतं गं. घे कात्री. परीक्षेत काय करशील?"

"नाही बाई, डोळे उघडलेत त्याने. गळाही हलतोय."

वर्ग खो खो हसला. तरी मुंगीने कात्री खाली ठेवली आणि ती एकेक टाचणी उपसू लागली. बाई तणतणत आल्या, वाकल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"औषध कमी पडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच चुकलं." शेवटची टाचणी त्यांनी स्वतः काढली.

काकांनी बेडकाला ओल्या फडक्यावर ठेवले. तीन दिवस तो घमेल्यात मुटकुळे करून बसला. चौथ्या दिवशी त्याने अशी उडी मारली की काकांना कपाटाखाली लोळण घ्यावी लागली! मुंगीने त्याला शाळेमागच्या तळ्यात सोडले.

पुढच्या तासाला बाईंनी एकच बेडूक घेतला. तो पूर्ण बेशुद्ध असल्याची खात्री स्वतः केली आणि सगळ्यांना भोवती उभे केले. मुंगीने एकेक अवयव बरोबर ओळखला. पण त्या बेडकाचा जीव गेलाच. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पुढे विच्छेदन बंद झाले. मुले पडद्यावर बेडूक पाहू लागली. काका निवृत्त झाले आणि मी अडगळीत पडलो. माझा पत्रा गंजला, मेणाला तडे गेले. मला फार एकटे वाटे.

गेल्या आठवड्यात नव्या सरांनी मला पुसून बाहेर काढले. माझ्यावर एक फूल ठेवले. टाचणी हातात घेऊन एका मुलीने विचारले, "सर, याला दुखत नाही ना?"

कुणीतरी फिदीफिदी हसले. सर हसले नाहीत. "नसावं," ते म्हणाले, "पण तू विचारलंस ते बरं केलंस."

मित्रांनो, शिका, भरपूर शिका. पण असे विचारायला कधी लाजू नका. ज्याच्या जिवावर आपण शिकतो त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या वतीने कुणीतरी विचारायलाच हवे.