मधली वाट

माझ्या लेकीची, गिरिजाची नीटची परीक्षा झाली, पण पुन्हा वर्षभर क्लास लावावा लागतो की काय, हे निकालाशिवाय कळणार नव्हतं. तोवर तिचं सामान गावी रेणापूरला कशाला न्यायचं, म्हणून मी लातुरातच सरदारभाईंच्या गोदामात एक खोली भाड्यानं घेतली.

मी सामान कोंबत होते, तेवढ्यात सरदारभाई आले. उंदीर लागतील म्हणून त्यांनी ज्वारीचं पोतं बाहेर काढायला लावलं. पुस्तकांच्या जड पेट्या वरून खाली घ्यायला लावल्या. एवढ्यावर थांबले नाहीत.

"ताई, मधी वाट ठेवा. मागचं सामान काढायला आत जाता आलं पायजे."

माझं डोकं फिरलं. "भाडं अख्ख्या खोलीचं घेता अन् जागा रिकामी सोडू?"

ते मला गोदामाच्या टोकाला घेऊन गेले. त्यांनी शेवटच्या खोलीचं शटर वर केलं.

आत त्र्याण्णवच्या भूकंपातल्या ढिगाऱ्यातून निघालेलं लोकांचं सामान होतं. त्यांच्या अब्बांनी तेव्हा ट्रकनं आणून ठेवलेलं. खाली जाती आणि पाटे-वरवंटे, त्यांवर चेपलेले हंडे, सगळ्यात वर एक लाकडी पाळणा. कशावर धूळ नव्हती. मधोमध झाडलेली वाट पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती.

माझ्या चपला कधी उंबऱ्याबाहेर निघाल्या, मला कळलं नाही.

"कुणी आलं का न्यायला?" मी हळूच विचारलं.

"अजून न्हाई," सरदारभाई म्हणाले, आणि वाटेत लोंबलेला पाळण्याचा दोर त्यांनी अलगद बाजूला सारला.